खालच्या सुरातली वंदना
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला घणसोलीच्या विहारातली ती पौर्णिमा आठवते. आमच्या गाण्याच्या सरांनी बुद्धवंदना चार वेगवेगळ्या सुरांत बांधली होती. चार गटांनी एकाच वेळी तेच शब्द चार सुरावटींत गायचे, आणि माझ्या वाट्याला सगळ्यात खालची सुरावट आली होती. बेलापूरचं ऑफिस सुटलं की वर्षभर आम्ही त्यांच्याकडे तालमीला जात होतो. सर म्हणायचे, "एकदा लोकांनी ऐकली ना, की प्रत्येक विहारात अशीच घुमेल." त्या दिवशी पांढऱ्या साड्यांनी भरलेल्या हॉलमध्ये पंख्यांच्या घरघरीत त्यांनी आम्हाला इशारा द्यायला हात वर केले आणि आम्ही सुरुवात केली. दुसऱ्याच शब्दाला अख्खा हॉल उठला, आणि सगळे हात जोडून रोजच्या चालीत मोठमोठ्याने म्हणायला लागले. लोकांना तरी काय बोलणार? वंदना गप्प बसून ऐकायची असते, असं आमच्यात कुणी कुणाला कधी शिकवलंय? आमच्या चारही सुरावटी त्यात बुडाल्या, पण सरांचे हात शेवटपर्यंत हलत राहिले. नंतर पहिल्या रांगेतल्या एक मावशी त्यांच्याजवळ आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "सर, तुमची मानसं मधीमधी चुकत व्हती, पन आमी घेतलं सांभाळून." सरांनी हात जोडले. "बरं केलंत, मावशी." त्यानंतर तालमीचा निरोप कधी आला नाही. काल विहारात वंदना म्हणताना माझा सूर आपोआप खाली उतरला. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं, आणि मी निमूट सगळ्यांच्या सुरात गेले.