कारध्याचे साडू आणि निळी ज्योत

माझ्या थोरल्या साडूंइतका उत्साही माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर शोधून सापडायचा नाही. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांनी कारध्याला घर बांधलं. दारं बसायच्या आधीच जाहीर करून टाकलं, "भाऊ, हे घर आता कोनाच्याच भरोशावर नाई राहनार. वीज आपली, पानी आपलं, गॅसबी आपला!"

तेव्हापासून त्यांच्याकडे पाहुणा गेला की कामाला जुंपला जातो. हात धुवायचे ते कढीपत्त्याच्या आळ्यातच. पेल्यातलं उरलेलं पाणी कुणी अंगणात भिरकावलं, की "थांबा! ते वांग्याचं हाये!" असं ओरडत ते धावत येतात. छपरावरचं पाणी टाक्यात, न्हाणीचं केळीला, भाजी धुतलेलं अळूला. गच्चीवरची सौर पॅनेलं तर ते रोज सकाळी नातवाचं तोंड पुसावं तशा मायेनं पुसतात. एकदा सूर्यचुलीवरचा भात खायला त्यांनी आम्हाला बोलावलं आणि नेमके ढग आले. चार वाजेपर्यंत आम्ही आभाळाकडे बघत बसलो. साडू दर पाच मिनिटांनी पेटी उघडून सांगत होते, "फुगून राहिला, फुगून राहिला!" शेवटी ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मागच्या दारी गुपचूप चूल पेटवली म्हणून आम्ही जेवलो.

पण खरी कसोटी लागली ती गोबरगॅसच्या वेळी. टाकीत कालवलेलं शेण पडलं त्याच दिवशी साडू उत्साहाच्या भरात घरचं सिलिंडर परत करून आले. ताईंना ते कळलं चहा ठेवायला गेल्यावर.

"काहून परत केलं? मले विचारलं काय?" एवढंच त्या बोलल्या, आणि मग बोलणंच बंद. पंधरा दिवस गॅस नाही, नुसता वास. साडू रोज काडी ओढत. शेगडी गप्प, आणि धुरात भाकरी थापणाऱ्या ताईही गप्प. माणूस अगदी वाळून गेला.

सोळाव्या दिवशी फोन खणाणला. "भाऊ, निळी! निळी ज्योत! असान तसे या!"

मी वैनगंगेवरचा पूल ओलांडून पोचलो, तर शेणानं माखलेले हात तसेच घेऊन साडू शेगडीपुढे उभे, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताईंनी चहा केला, पहिला कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "साखर पाहा बरं." पंधरा दिवसांच्या अबोल्यानंतरचे पहिले शब्द!

मागच्या महिन्यात गेलो, तर प्रत्येक नळावर, पाइपावर ठळक अक्षरांत रंगवलेलं: 'हा आधी उघडावा', 'शेण एकच घमेलं'. मी थट्टा केली, "विसरायला लागलात की काय?"

हातातला रंगाचा डबा खाली ठेवत ते हळूच म्हणाले, "माह्यासाठी नाई, भाऊ. ही माह्यापेक्षा सात वर्सानं लहान हाये. पोरी दूर. उद्या मी नसलो, तं हिले कोनापुढं हात जोडाची पाळी नाई आली पाह्यजे."

ताई दाराशीच उभ्या होत्या. "जवाईबापू, यांले सांगा," त्या मला म्हणाल्या, "मले सारं वाचता येते. पन मी वाचनार नाई. नळ उघडाचा असला, का यांलेच हाक मारीन."

रंगाच्या डब्याला झाकण लावून साडू शेण कालवायला निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला मदतीला बोलावलं नाही.