ग्रेनकाकांचे शुक्रवार

मोजताना मध्येच कोणी बोललं, तर ग्रेनकाका मोजलेलं सगळं परत ओतायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. मग ती चहाची साखर असो की बंदुकीची दारू. दारूचं वजन ग्रॅममध्ये नाही, ग्रेनमध्ये करतात हे त्यांनी आमच्या मुलीला इतक्यांदा सांगितलं, की तिने त्यांना 'ग्रेन अंकल' करून टाकलं. बिल्डिंगमध्ये त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

शारजात अल मजाजला आमचे फ्लॅट समोरासमोर होते आणि नोकरी हमरिया फ्री झोनमध्ये एकाच कंपनीत. मी अकाउंट्सला, ते क्वालिटीला. त्याआधी ते लष्करात होते, तिथल्या रायफल नेमबाजीच्या टीममध्ये. रोज त्यांच्याच गाडीतून जाणंयेणं. 'चांगली दारू कशी ओळखावी' हा त्यांचा आवडता विषय आणि तो लिफ्टमध्येही थांबत नसे. शारजात प्यायच्या दारूला बंदी. शेवटी आमच्या पठाण वॉचमनने मला बाजूला घेतलं, "साहब, बुज़ुर्ग को समझाओ. इधर दारू का बात नहीं करते." काका ते ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

कंपनीच्या स्थानिक अरब भागीदारांच्या मुलाचं नाव सईद. म्हणून सगळे त्यांना बू सईद, म्हणजे सईदचे वडील, म्हणत. त्यांना नेमबाजीचा नाद होता. रीतसर परवानग्या काढून त्यांना धैदकडच्या आपल्या फार्मवर स्वतःची काडतुसं स्वतः भरायची होती. सामान निवडायला त्यांनी काकांना बोलावलं आणि काकांनी सोबतीला मला नेलं. बू सईदनी कॅटलॉग उघडून बोट ठेवलं ते हँडलच्या एका हिसक्यात सगळी कामं उरकणाऱ्या मशीनवर. काकांनी पान उलटलं आणि एका वेळी एकच काम करणारं सर्वांत साधं मशीन निवडलं. "बू सईद, जल्दी किसको है? एक टाइम पे एक ही काम. गलती होगी तो दिखेगी." मग तपासणीच्या वजनांसकट एक काटा, दारू बनवणाऱ्यांनी प्रमाणं छापलेलं पुस्तक, डोळ्यांना चष्मे. आणि टेबलावर दारूचा एकच डबा, दुसरा कपाटात कुलपात.

एकदा बू सईदच्या भाच्याने अर्धा भरलेला, लेबल नसलेला डबा आणला. "हबीबी, सेम है, कलर देखो," बू सईद म्हणाले. काकांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. "ज्याचं नाव माहीत नाही ते मी वापरत नाही," ते मला मराठीत म्हणाले, आणि तेच बू सईदना हिंदीत सांगितलं. बू सईदचा चेहरा उतरला, पण डबा बाहेर गेला. त्यानंतर त्या खोलीत काका सांगतील तसंच व्हायचं.

काडतुसांच्या दारू भरलेल्या पितळी पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या केल्या, की वर गोळी बसवण्याआधी काका बॅटरी घेऊन प्रत्येकीच्या तोंडात बघत. "दुप्पट भरली गेली तर रायफल फुटते," ते म्हणत. "आणि तेव्हा ती आपल्या गालाला लागलेली असते."

सुट्टीचे असे खूप शुक्रवार फार्मवर गेले. मग एका शुक्रवारी काका मोजता मोजता थांबले आणि दारू परत ओतली. पुन्हा मोजली, पुन्हा ओतली. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं. कोणीच बोललं नव्हतं.

थोड्या वेळाने बॅटरीच्या उजेडात त्यांना एक पुंगळी काठोकाठ भरलेली दिसली आणि शेजारची रिकामी. त्यांनी अख्खा ट्रे रिकामा केला, डबा बंद केला.

"मैं अब नहीं भरूँगा."

"मिल गया ना? खलास," बू सईद म्हणाले.

"आज मिला."

परतताना त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्या काकूला मीच सांगतो," म्हणाले. दुबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधं दिली, आणि औषधांनी तो बरा होणार नाही हेही सांगितलं. काम सुटलं. व्हिसा बू सईदनी जमेल तितका ताणला. वसुधाकाकू मला विचारायच्या, "आता काय करायचं रे?"

बू सईदनी खोलीतली दारू आणि ती पेटवणारे प्रायमर हलवले, पण काकांना शुक्रवारी बोलावणं थांबवलं नाही. रिकाम्या पुंगळ्यांचं टोपलं पुढे ठेवायचे. बुडावरचा शिक्का बघून काका त्या बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे वेगवेगळ्या करत. जाताना समाधानाने हात झटकत. एकदा काकांचा विसरलेला चष्मा घ्यायला मी परत आत गेलो, तर बू सईद ते सगळे ढीग पुन्हा एकाच टोपल्यात मिसळत होते. त्यांनी वर पाहिलं. "काकी को मत बोलना," म्हणाले, आणि मिसळत राहिले.

पुण्याला परतायच्या आधीच्या शुक्रवारी काकांनी टोपल्यातून एक पुंगळी उचलली, बराच वेळ फिरवून पाहिली आणि माझ्यापुढे धरली.

"हे काय आहे?"

बू सईदना मराठी येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. "क्या बोला?"

"चाय माँग रहे हैं," मी म्हणालो.

फार्मवर दोन नोकर होते. तरी बू सईद स्वतः उठले आणि चहा आणायला गेले.