गटाराच्या पाण्यावरचा ऊस

गटारात गाळ साचावा तसे हे किस्से माझ्या डोक्यात साचलेत. अधनंमधनं उपसले नाहीत तर मलाच चैन पडत नाही. आज उपसतेच.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझं सासर सांगलीकडं, कृष्णाकाठी. माहेर त्याच नदीला दोन कोस खाली. आमच्या गावचं सगळं गटार नदीत, आणि खाली आईच्या गावचा डोह हिरवागार! शेवाळ एवढं दाट, की म्हशी तोंड लावीनात. माणसं मात्र फडक्यानं गाळून तेच पीत होती. आई बाजाराला आली की पाटी टेकायच्या आधी सांगायची, "आज पुन्ना हिरवं हाय गं." माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. नव्या सुनेनं कुणाला काय सांगायचं?

*

मग म्युन्सिपाल्टीत गटारं-रस्ते बघणारा एक नवा ओव्हरशेर आला. सायकलवरनं थेट आमच्या मळ्यात!

मामंजींना म्हणाला, "दादा, या गटाराच्या पाण्यात हाडाच्या खतातला कस असतो. नदीत गेला की शेवाळ खातं. तुमच्या रानात घेतला तर ऊस खाईल. गाळ बसायला मी दोन टाक्या बांधतो."

"म्हंजी गावानं टाकलेली घान माज्या उसाला?"

"मग शेण काय अत्तरात भिजवून टाकता?"

लढाईमुळं खताला पेंड मिळत नव्हती, म्हणून मामंजी कबूल झाले. पण एका बोलीवर. "गूळ बिगाडला, का बांध फोडून पानी परत नदीत. मग मला इचारायचं न्हाई!"

मी मळ्यातल्या खोपीच्या दाराआड ऐकत होते. नदीच्या तोंडाशी बांध घालून गटार आमच्या पाटात वळवलं, तेव्हापासनं माझं सगळं लक्ष त्या बांधावर!

*

पाण्याची दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला, आमचे हे असायचे. घरी आले की आत्याबाई उंबऱ्यातच अडवायच्या. "आदी आंगूळ!" न्याहारीला आंघोळ, जेवायला आंघोळ, तंबाखूची चंची राहिली म्हणून आले तर तेवढ्याला आंघोळ!

चौथ्या दिवशी हे वैतागले. "आये, म्हस दिसभर चिखलात लोळती, तिला कवा आंगूळ घालतीस?"

"म्हस माज्या चुलीपाशी भाकरी मागाया येत न्हाई!"

त्या दिवसापासनं हे गोठ्यात जेवायला लागले.

*

शेजारचा किसनबा आमच्या बांधावरनं जाताना धोतराचा सोगा नाकाला लावायचा. "काय वास, काय वास!" म्हणत चार माणसांत थुंकायचा. एकदा पहाटे मामंजी रानात गेले, तर आमचा पाट कोरडा ठाक! गटाराचं पाणी किसनबाच्या कोवळ्या उसात खळखळा पळतंय आणि किसनबा खोरं घेऊन उभा.

मामंजी म्हणाले, "किसनबा, एका हातानं नाक धरतूस, मग खोऱ्याला हात कुनाचा मागून आनतूस रं?"

त्याच आठवड्यात आई बाजाराला आली. पाटी टेकली आणि म्हणाली, "आज डोहाचा तळ दिसला गं." मी तिथंच डोळ्याला पदर लावला.

*

आणि पहिल्याच गुऱ्हाळाला घात! रस आटला, गूळ साच्यात ओतला, पण बसेचना. काळा, चिकट, बोटाला लागला की सुटायचा नाही.  मामंजींनी पहार उचलली आणि बांधाकडं निघाले. आता आईचा डोह परत हिरवा!

गुळव्या म्हातारा काहिलीपाशी बसल्या बसल्या ओरडला, "आवं दादा, ह्या उसाला पानी कवा तोडलं?"

हे म्हणाले, "तोडलं? कालपतुर दिलं की! फुकाट हुतं म्हून दाबून दिलं."

"मग बसंल कसा? तोडीला आल्याला ऊस आन तुमी त्याला बारसं जेवू घालताय! शेवटाला दोन म्हैनं निस्तं हिरीचं पानी द्या."

अर्धा फड अजून उभा होता. पण तोवर गटाराचं पाणी वळवायचं कुठं? मामंजी पहार टेकून उभे राहिले आणि हाक मारली, "किसनबा! आता उजेडात चोर रं गड्या!"

*

दोन महिन्यांनी दुसरं गुऱ्हाळ. ढेप पिवळीधमक, दगडासारखी टणक! पण खायची कुणी? मामंजींची दाढ दुखायला लागली. ओव्हरशेराला एकाएकी पित्त झालं. आत्याबाईंना निर्जळी एकादशी आठवली, ती होऊन दोन दिवस झाले होते!

गूळ घ्यायला आलेला व्यापारी म्हणाला, "घरची मानसं खाईनात, मी कुनाला इकू?" आणि छकड्यात चढायला लागला. मामंजींनी परत पहारीकडं बघितलं.

आई त्या दिवशी मळ्यात आली होती, बांधावर बसली होती. मला अजून मूलबाळ नव्हतं. नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तीन वर्षांत तिनं आमच्यात घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

ती उठली, ढेपेचा खडा मोडला आणि तोंडात टाकला.

"आगं आये, रीत!" मी ओरडले.

आईनं खडा सावकाश चघळला. डोईवरचा पदर पुढं ओढला आणि मामंजींना ऐकू जाईल असं मला म्हणाली, "कसली रीत? तीन वर्सं झाली, तुज्या सासरचंच पानी पितीया मी!"