सोनेरी रंगाखालचा शिपाई

वली परकारांचं डोकं एकदा फिरलं की आवरणं कठीण. रत्नागिरीच्या राजिवड्याचा माणूस, उभा जन्म ग्रीक मालकांच्या बोटींवर इंजिनरूममध्ये गेला. तिथे हळू बोलून चालतं थोडंच! आता कतारमध्ये अल खोरला मुलाकडे, फुजैलकडे, राहतात. पण आवाज अजून इंजिनरूमचाच.

एवढी वर्षं फिरून त्यांनी आणलं काय, तर डबाभर ग्रीक नाणी. त्यातलं एक त्यांच्या जिवाचं. एका बाजूला राजाचं तोंड, आणि राजा कधीच देश सोडून पळालेला! दुसऱ्या बाजूला आगीतून उठणारा पक्षी, पुढ्यात बंदूकवाला शिपाई. लष्कराचं राज्य होतं तेव्हाचं. बोटीवरचा खानसामा यानिस, त्याच्या भावाला त्या लष्कराने तुरुंगात डांबलेलं. नाणं हातात आलं की यानिस शिपायावर थुंकायचा. एकदा थुंकून त्याने ते वलींच्या मुठीत कोंबलं, म्हणाला, "घरी पोरांना दाखव." पुढे नाण्यावरून राजा गेला, शिपाई गेला, लोकांचं राज्य आलं तसे त्यावर जुने लढवय्ये आले. शेवटी युरो आला आणि द्राख्मा हे चलनच गेलं, अडीच हजार वर्षांचं जुनं नाव! घरात हे ऐकायला रिकामं कोण बसलंय?

म्हणून नात मरियमला शाळेत 'ग्रीक नाण्यांचा इतिहास' असा प्रोजेक्ट मिळाला तेव्हा म्हातारा हरखून गेला. रोज संध्याकाळी तिला धरून बसायचा. ती टॅबवर बोट फिरवत आजोबांना "ओके दादा, ओके" करायची. कानात काही शिरतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

फुजैलने मात्र सगळ्यांसारखंच केलं. पहाटे कंपनीची बस, प्रोजेक्ट करायला वेळ कुणाला? दिला दुकानात. पैसे टाकले की दुकानवाला थर्माकोल, चित्रं, भाषणाचं कार्ड, सगळं हातात देतो. वर बापाला न विचारता डबाही देऊन आला. दुकानवाल्याला नाणी मळकी वाटली. त्याने सगळ्यांवर सोनेरी स्प्रे मारला, गोंदाने चिकटवली आणि खाली छापलं: 'प्राचीन ग्रीसची सोन्याची नाणी'.

वलींनी ते पाहिलं थेट शाळेच्या हॉलमध्ये. समोर मिस उभी, मरियम कार्ड बघून बोलायला लागली, "दीज आर गोल्ड कॉइन्स..."

"सोनं? कुणाच्या बापाने बघितलान हा सोना!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. मिसला कळावं म्हणून वली हिंदीत गरजले, "झूठ है मॅडम, सब झूठ!" आणि खिशातली किल्ली काढून एका नाण्यावरचा रंग खरवडायला लागले.

फुजैलने हात धरला. "अब्बा, खलास, बस करा! लोक बघतायत."

"बघू दे! माजा डबा कुणाला विचारून नेलास? लाज नाय वाटली तुला?"

हात झिडकारून त्यांनी सगळं सांगितलं. राजा, शिपाई, यानिसची थुंकी, भावाचा तुरुंग. एवढ्या संतापातही एक अक्षर सोडलं नाही. मिसने शेवटपर्यंत ऐकलं, "थँक यू, अंकल" म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

गाडीतही वलींच्या तोंडाचा पट्टा चालूच. दुकानवाला चोर, फुजैल बिनडोक, शाळा आंधळी. "नातीला एक खरी गोष्ट सांगाया गेलो, तर हे रंग फासतात!"

"दादा, स्टॉप!" मागच्या सीटवरून मरियम ओरडली. डोळे लाल, आवाज थेट आजोबांचा. "ते गोल्डचं मी फक्त फर्स्ट बोलणार होते, बाबांनी कार्ड दिलं म्हणून. मग मी कार्ड ठेवणार होते. मग यानिसची स्टोरी. ऑल ऑफ इट. मी बाथरूममध्ये रोज प्रॅक्टिस केली. ती माझी टर्न होती!"

आता स्वतःचा आला तेवढा राग वलींना आयुष्यात कुणाचाच आला नव्हता, आणि या खेपेला तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

"आता सांग," ते कसेबसे म्हणाले. "मला सांग, माजी बाय. मी ऐकतो."

"तुम्ही सांगितली ना," मरियम म्हणाली, आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.