गुलाबाची कातरलेली पानं

परवा वासणा भागातल्या नर्सरीत गुलाबाचं एक पान दिसलं, कडेला कात्रीनं कापल्यासारखी गोल खाच असलेलं, आणि मांजलपूरचं आमचं घर आठवलं. सोसायटीत नुकताच केबल टीव्ही आला होता तेव्हाची गोष्ट. आईच्या गुलाबांची पानं रोज अशीच कातरलेली सापडायची, आणि तिचा संशय कुंपणापलीकडच्या गुजराती बाईंवर होता. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि उन्हं चढली की भिंग घेऊन आमच्या झाडांशी वाकायच्या. "कात्री पदरात लपवते ती," आई म्हणायची. एके दिवशी आईनं त्यांना तोंडावरच विचारलं. बाईंचा चेहरा उतरला. त्या आत गेल्या आणि कीटक ओळखायचं जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "जुओ बेन, आ जंगली मधमाखी पान कापे छे," म्हणजे पानं कापते ती ही रानातली मधमाशी. आई मला हळूच म्हणाली, "पुस्तक तिचं, ते तिच्याच बाजूनं बोलणार." तरी दोघी तापल्या उन्हात, शेणखताच्या वासात, झाडापाशी उभ्या राहिल्या. अखेर पोटाखाली नारिंगी लव असलेली एक काळपट माशी पानावर बसली, तिनं भराभर गोल तुकडा कापला आणि पोटाशी धरून उडाली. बाईंचे डोळे भरून आले. आईनं त्यांचा हात धरून त्यांना चहाला आत नेलं. आधण ठेवताना मात्र माझ्या कानाशी पुटपुटली, "पानं माशी नेते, कबूल. पण मग कळ्या कोण नेतं?" आता माझ्याही गच्चीत गुलाब आहेत, आणि एखादी कळी नाहीशी झाली की माझी नजर आधी शेजारच्या गच्चीकडेच जाते.