सुस्थितीतले बूट

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी माणसाच्या पायांकडे जाते. तेव्हा मी धुळ्यात, औद्योगिक वसाहतीच्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो. प्लास्टिक धुण्याच्या कारखान्यात सोनगीरकडचा एक कामगार विजेचा धक्का बसून गेला. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मरणोत्तर पंचनामा मीच केला. 'पायात सेफ्टी बूट, सुस्थितीत' असं लिहिलं आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा ठेकेदार हजर. न बोलावता ठाण्यात येणारा माणूस मला कधीच बरा वाटला नाही. "साहेब, बूट चांगले दिले होते, तुमच्याच पंचनाम्यात आहे. चूक त्याचीच." माझ्या एका ओळीवर प्रकरण मिटणार होतं, आणि मयताची बायको, दोन मुलींची आई, रिकाम्या हातानं घरी जाणार होती.

दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. "डाव्या पायाच्या तळव्यावर करंटची खूण आहे, बुटाचा तळ मात्र धड. शिवाय बूट एक नंबर लहान. टाचा आत गेल्याच नव्हत्या."

पंचनामा करताना मी वाकून पाहिलंच नव्हतं.

मयताच्या बायकोला बोलावून बुटांबद्दल विचारलं. ती म्हणाली, "नवा बूट कोठेन येतीन, साहेब? मी रोज त्याना बुटमा पेपर कोंबीसन सावलीमा सुकाडू. डावाना तळ फाटेल व्हता. सायकलनी ट्यूबनं ठिगळ मीच लावं."

टेम्पोतून त्याला सिव्हिलला आणणारा एकच जण होता, त्याच्या गावचा जोडीदार. त्याचा जबाब घ्यायला बसलो. तासभर एकच पालुपद, "माले माहीत नही, साहेब." शेवटी पाणी प्यायला उठला, तेव्हा तो पाय ओढत चालला. बूट त्याला मोठे होत होते, आणि डाव्या बुटाच्या तळाला काळं ठिगळ होतं.

"हे बूट कोणाचे?"

तो रडू लागला. "ठेकेदार कायम म्हने, बूट धड नही ऱ्हायनात तं घरनास्ले काहीच भेटाव नही. म्हनीसन टेम्पोमा मना बूट त्याले घाली दिधात."

"आणि तू हे घालून त्याच ओल्या फरशीवर कामाला गेलास?"

"दुसरा नही ना, साहेब."

मित्राच्या बायकोला भरपाई मिळावी म्हणून त्यानं स्वतःचे धड बूट दिले, आणि ठेकेदाराविरुद्धचा एकमेव पुरावा पायात घालून फिरत राहिला. त्याच्यावर रागावू की त्याच्या पाया पडू, मला कळेना.

पंचांसमोर बुटांचे दोन्ही जोड जप्त केले. बायकोनं ठिगळ ओळखलं. माझी चूक मी लेखी कबूल केली आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला आणि बाईला तिच्या हक्काची भरपाई मिळाली. तेव्हापासून कानाला खडा लावला: जे हातात घेऊन पाहिलं नाही, ते पंचनाम्यात लिहायचं नाही. माणूस भल्यासाठीही खोटं बोलतो आणि त्यात आपल्याच माणसाचं नुकसान करून बसतो, हेही तिथंच शिकलो.

जप्तीच्या त्या दिवशी मी मुद्देमालाला सील लावत होतो, तेव्हा तो जोडीदार समोर अनवाणी उभा होता. हळूच म्हणाला, "साहेब, सकाय कामवर काय घालू?"

कामगारांच्या बुटांची तपासणी व्हावी म्हणून मी कारखाना निरीक्षकांना फोन लावला. त्याच्याकडे बघण्याचं धाडस मला झालं नाही.