चौथा दांडा

इकडे उत्तरेत, तेलीबागेतल्या आमच्या घरी गणपतीपुढे हलता देखावा करायचं मी ठरवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "फुलं काय वाईट असतात?" मी रेल्वेत मेकॅनिकल इंजिनिअर आहे हे त्यांना मान्य होतं, त्याचा घरात काही उपयोग असतो, हे नव्हतं. देखावा फसला तर पुढल्या वर्षापासून त्या म्हणतील तीच आरास, असं ठरलं. मीही इरेला पेटले.

बेत साधा होता. भंगारातली वायपरची मोटर गोल फिरणार आणि उंदीरमामा वर-खाली होत बाप्पाला मोदक देणार. त्याला चार दांडे लागतात. मोटरवरचा आखूड दांडा फिरतो, मधला लांब दांडा रेटा पुढे पोचवतो, उंदराचा दांडा झुलतो. चौथा म्हणजे खालची फळी. मोटर आणि उंदराची खीळ, दोन्ही तिच्यावर घट्ट बसवायची. ती काही करत नाही, फक्त हलत नाही. सगळा खेळ तिच्याच जिवावर चालतो.

माझी फळी म्हणजे देवाचा चौरंग. सकाळी सोवळ्यात आलेल्या सासूबाईंनी मोटर पाहिली. "ग्रीस? देवाच्या चौरंगावर? अजिबात नाही." मोटर उतरून शेजारच्या एका लांब पाटावर गेली, उंदीर चौरंगावरच राहिला. नवऱ्याला नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात काम आठवलं.

संध्याकाळी बख्शी का तालाबहून एअरफोर्समधली मराठी मंडळी आली. आरती सुरू झाली, मी बटण दाबलं. उंदीर ढिम्म! उलट पाटच गुळगुळीत फरशीवर मागेपुढे सरकायला लागला.

"मम्मी, मोटर को घुमाने ले जा रही हो क्या?" लेकीने विचारलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"आई, पाटावर बसा," मी सासूबाईंना म्हणाले.

"आरतीत? बसून?"

"बसा हो!"

त्या बसल्या. उंदीर उठला आणि मोदक थेट सोंडेपर्यंत गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

शेजारच्या भाभींनी वाकून विचारलं, "माताजी, तबीयत तो ठीक है न?"

"मैं मशीन में है," सासूबाई झांज वाजवत म्हणाल्या. "मैं उठी तो उंदीर बंद."

दुसऱ्या दिवशी पाट जखडायला मी ऑफिसातून येताना दोन क्लॅम्प घेऊन आले. आरतीला अवकाश होता, तरी सासूबाई पाटावर बसलेल्याच होत्या. त्यांनी क्लॅम्प हातात घेऊन पाहिले आणि परत माझ्या पिशवीत टाकले.

"जपून ठेव. मी नसेन त्या वर्षी लागतील," त्या म्हणाल्या. "आता बटण दाब."